संकटकालीन हवाई उडी आणि कथात्म साहित्यातील वास्तव

कथात्म साहित्यातील वास्तववादाचा विचार मराठी समीक्षेत प्रामुख्याने सामाजिक वास्तवाच्या अंगाने झालेला आहे. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीपासून ग्रामीण आणि दलित साहित्यापर्यंत ही चर्चा घर, गाव, जात, शेती आणि श्रम यांच्या चित्रणाभोवती फिरत राहिली. हे स्वाभाविकच होते. या वास्तवाचा पडताळा वाचक स्वतःच्या अनुभवावरून घेऊ शकतो. नांगरणीचे वर्णन चुकले तर शेतकऱ्याच्या घरातला वाचक ते तत्काळ ओळखतो. परंतु ज्या अनुभवाचा पडताळा बहुसंख्य वाचकांना आयुष्यात कधीच घेता येणार नाही, त्याच्या चित्रणाचा खरेपणा कशावर तोलावयाचा? निकामी झालेल्या किंवा पेटलेल्या विमानातून पॅराशूटच्या आधारे उडी घेऊन जिवंत राहिलेला माणूस हा अशा अनुभवाचा एक टोकाचा नमुना होय. वाशीम, रिसोड किंवा कारंजा येथील महाविद्यालयात साहित्य शिकणाऱ्या विद्यार्थ्याने विमान बहुधा पाहिलेले असते ते डोक्यावरून फार उंचीने जाणारे. तरीही अशी कथा वाचताना त्याला एखादा प्रसंग खरा वाटतो आणि एखादा बनावट. हे ज्ञान त्याला कोठून मिळते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर तांत्रिक अचूकतेचे आहे. लेखकाने विमान, आसन, छत्री, उंची, वेग यांचा अभ्यास केलेला असावा म्हणजे कथा वास्तव होते, असे मानले जाते. या उत्तरात तथ्य नाही असे नाही. पॅराशूट उघडल्यानंतर माणूस सेकंदाला साधारणतः ५ ते ७ मीटर वेगाने खाली येतो, म्हणजे जमिनीवर टेकताना सुमारे ६ फूट उंचीच्या भिंतीवरून उडी मारल्यासारखा धक्का बसतो. उंचीनुसार तापमान दर १,००० मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरते आणि हवा विरळ होते. आधुनिक लढाऊ विमानातील इजेक्शन सीट वैमानिकाला बाहेर फेकते तेव्हा त्याच्या देहावर क्षणभर स्वतःच्या वजनाच्या १२ ते २० पट भार येतो. ज्या कथेतील नायक १५,००० फुटांवरून पानभर लांबीचे संवाद करीत, केसही न विस्कटता उतरतो, ती कथा या आकड्यांपुढे टिकत नाही.

मात्र आकडे बरोबर असणे आणि कथा खरी वाटणे या दोन गोष्टी एक नव्हेत. निकोलस अल्कमेड या ब्रिटिश हवाई दलातील सैनिकाचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. २४ मार्च १९४४ च्या रात्री जर्मनीवरील हल्ल्यात त्याचे लँकेस्टर बाँबफेकी विमान पेटले. तो विमानाच्या शेपटाकडील तोफची होता आणि त्याचे पॅराशूट आगीत जळून गेले होते. जळून मरण्यापेक्षा पडून मरणे बरे, अशा अवस्थेत त्याने सुमारे १८,००० फुटांवरून पॅराशूटविना उडी घेतली. खाली पाइनची झाडे आणि बर्फ होते; तो जिवंत राहिला, तोही किरकोळ दुखापतींवर. पकडल्यानंतर त्याने ही हकिगत सांगितली तेव्हा चौकशी करणाऱ्या जर्मन अधिकाऱ्यांनी ती मानली नाही. विमानाच्या अवशेषांत जळालेले पॅराशूट सापडले तेव्हाच त्यांचा विश्वास बसला. एका अर्थाने हे अधिकारी अल्कमेडच्या कथेचे पहिले समीक्षक होते आणि समीक्षक म्हणून त्यांचे काही चुकले नव्हते. शक्य पण अविश्वसनीय घटनेपेक्षा अशक्य पण संभाव्य घटना कवीने पसंत करावी, हे ॲरिस्टॉटलचे मत सर्वपरिचित आहे. अल्कमेडची उडी सत्य होती आणि तरीही कथेच्या कसोटीवर ती असत्य ठरली. घडलेल्या घटनेला पुरावा वाचवू शकतो. कादंबरीकाराच्या हाती असे जळालेले पॅराशूट नसते.

मग त्याच्या हाती काय असते? प्रथम काळाचा विचार करावयास हवा. अशा उडीत दोन अत्यंत भिन्न काळ एकमेकांना चिकटून येतात. इजेक्शन सीटची मूठ ओढल्यापासून छत्री उघडेपर्यंत आधुनिक आसनात अवघे दोन-तीन सेकंद जातात. या अवधीत विचार नावाची गोष्ट संभवत नाही. त्यानंतर, छत्री ३,००० मीटर उंचीवर उघडली असेल तर, जमीन येईपर्यंत आठ-नऊ मिनिटे मिळतात आणि त्या मिनिटांत करण्यासारखे फारच थोडे असते. सामान्य प्रतीची साहसकथा नेमके उलट करते. ती दोन सेकंदांत आई, प्रेयसी, बालपण आणि मातृभूमी यांचे स्मरण कोंबते आणि आठ मिनिटे एका वाक्यात उरकते. विल्यम रँकिन या अमेरिकी वैमानिकाने १९५९ साली सुमारे ४७,००० फुटांवर विमान सोडले आणि तो थेट गडगडाटी वादळाच्या ढगात सापडला. वर चढणाऱ्या वाऱ्याने त्याला पुनःपुन्हा उचलल्यामुळे खाली येण्यास सुमारे ४० मिनिटे लागली. १९६० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अनुभवकथनाचे महत्त्व हेच की त्यातील भय घटनेचे नसून कालावधीचे आहे. कथालेखकाने शिकावे असे काही असेल तर ते येथे आहे.

उडी घेण्याचा निर्णय हाही असाच एक फसवा क्षण. कथेत तो अंतर्द्वंद्वाचा कळस म्हणून येतो. प्रत्यक्षात प्रशिक्षणाचा सगळा रोख, हा निर्णय जमिनीवर असतानाच घेऊन ठेवावा आणि वर फक्त हात हलावा, असा असतो. बाहेर पडण्याचा निर्णय लांबणे हे वैमानिकांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. फ्रेडरिक फॉरसाइथ यांची 'द शेफर्ड' (१९७५) ही दीर्घकथा या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९५७ च्या नाताळच्या आदल्या रात्री जर्मनीहून इंग्लंडकडे निघालेल्या व्हॅम्पायर विमानाची विद्युत यंत्रणा बंद पडते आणि एकटा तरुण वैमानिक धुक्यावर भटकत राहतो. उडी घेण्याचा पर्याय त्याच्या मनात येतो, परंतु इजेक्शन सीट नसलेल्या आणि दुहेरी शेपटाच्या या विमानातून सुखरूप बाहेर पडणे किती दुर्घट आहे, हे त्याला शिकवलेले आहे. फॉरसाइथ हा हिशेब कोरड्या, जवळजवळ कारकुनी भाषेत मांडतात. पुढे ही कथा सरळ भूतकथा होते आणि वाचक ती मुकाट्याने स्वीकारतो. ज्या निवेदकाने उडीचा हिशेब चोख ठेवला त्याच्या भुतावरही विश्वास ठेवावासा वाटतो, हे वास्तववादाच्या अभ्यासकाने विसरू नये.

न घेतलेल्या उडीचे आणखी एक उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचे आहे. भारतीय हवाई दलातील दिलीप कमलाकर परूळकर यांचे विमान १९६५ च्या युद्धात शत्रूच्या माऱ्यात सापडले आणि ते स्वतः जखमी झाले. विमान सोडून देण्याचा सल्ला त्यांच्या तुकडीच्या नेत्याने दिला असतानाही त्यांनी ते विमान तळावर परत आणले. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक देण्यात आले. सहा वर्षांनी, १० डिसेंबर १९७१ रोजी, पाकिस्तानच्या हद्दीत त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेले आणि या वेळी त्यांना बाहेर पडावे लागले. एकाच माणसाच्या आयुष्यात राहण्याचा आणि सोडण्याचा असे दोन्ही निर्णय यावेत, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने कल्पिली असती तर ती रचलेली वाटली असती. या दोन निर्णयांतील एक धैर्याचा आणि दुसरा अगतिकतेचा, अशी वाटणी करण्याचा मोह लोकप्रिय युद्धकथेला आवरत नाही. अनुभवी वैमानिक ती करीत नाही.

तथापि अशा कथेतील वास्तवाची खरी परीक्षा उडीत होत नाही. ती उडीनंतर होते आणि ती देहाची असते. जिवंत राहणे हा या कथांमध्ये शेवट मानला जातो. प्रत्यक्षात ते एका दीर्घ देण्याचा आरंभ असते. इजेक्शन सीटचा धक्का सर्वप्रथम पाठीच्या कण्यावर येतो. १९७१ च्या युद्धातच विमान सोडावे लागलेले विंग कमांडर धीरेंद्र सिंह जफा यांच्या कण्याला इजा झाली होती आणि कैदेतील काही काळ त्यांनी प्लास्टरमध्ये काढला. कारगिल संघर्षात २७ मे १९९९ रोजी मिग-२७ मधून बाहेर पडलेले नचिकेता पाठीच्या दुखापतीमुळे पुढे लढाऊ विमानांऐवजी मालवाहू विमानांकडे वळले. म्हणजे जो प्रसंग कथेत एका परिच्छेदाचा असतो, तो माणसाच्या उठण्याबसण्यात आणि नोकरीच्या कागदपत्रांत वर्षानुवर्षे शिल्लक राहतो. ज्या युद्धपटात नायक पडल्यानंतर दुसऱ्याच दृश्यात धावू लागतो, तेथे प्रेक्षकाने विमानशास्त्र शिकलेले नसले तरी काहीतरी खटकते. झाडावरून किंवा बैलगाडीवरून पडलेला माणूस प्रत्येक गावात असतो. पडण्याचे शास्त्र वाचकाला याच ठिकाणी ठाऊक असते. या लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे मिळतो.

मायकेल ओंडाटजे यांच्या 'द इंग्लिश पेशंट' (१९९२) या कादंबरीचे सामर्थ्य या प्रकाशात पाहिले तर वेगळेच दिसते. वर्षानुवर्षे वाळवंटात झाकून ठेवलेले जुनाट विमान, गळणारे तेल, मृत प्रेयसीचा सोबत असलेला देह, उडालेली ठिणगी, आणि तेलाने भिजलेल्या पॅराशूटसह पेटत खाली येणारा पुरुष. तांत्रिक दृष्टीने पाहिल्यास या प्रसंगावर अनेक आक्षेप घेता येतील. तेलाने माखलेली छत्री पेटलेल्या माणसाला कितपत धरून ठेवील? विमान किती उंचीवर होते? ओंडाटजे याचा हिशेब देत नाहीत. उडीचे वर्णन काव्यात्म आहे आणि जमिनीला टेकण्याचा क्षण जवळजवळ वगळलेला आहे. आणि तरीही कादंबरी वास्तव वाटते, कारण तिने पडण्याची किंमत एका देहावर अखेरपर्यंत मांडून ठेवली आहे. काळवंडलेली कातडी, न उरलेला चेहरा, मॉर्फिनच्या मात्रा, परिचारिकेचे हात: कादंबरीचा सारा वर्तमानकाळ हा त्या काही क्षणांचा परिणाम आहे. अँथनी मिंगेला यांच्या १९९६ च्या चित्रपटात विमानावर जमिनीवरून गोळीबार होतो. हा बदल लहान दिसतो, पण तो फार काही सांगून जातो. पडद्याला शत्रू लागला. कादंबरीला जुने यंत्र आणि गळके तेल पुरले. शत्रूमुळे घडलेल्या अपघातापेक्षा जीर्णतेमुळे घडलेला अपघात अधिक वास्तव असतो, असा नियम करता येणार नाही. या कादंबरीपुरते मात्र तसे म्हणावे लागते.

देहानंतर जमीन. उडी घेणारा माणूस नकाशावर उतरत नाही, तो कोणाच्या तरी शेतात उतरतो. साहसकथांमध्ये ही जमीन बहुतेक वेळा निर्मनुष्य असते: जंगल, वाळवंट, समुद्र. भारतीय उपखंडात अशी जागा मिळणे दुर्मीळ. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी मिग-२१ मधून बाहेर पडलेले अभिनंदन वर्धमान नियंत्रण रेषेपलीकडील एका गावाजवळ उतरले. आपण भारतात आहोत की पाकिस्तानात, हा त्यांचा जमलेल्या माणसांना पहिला प्रश्न होता. त्यानंतर जमाव, हवेतील गोळीबार, डबक्यात घेतलेली उडी, जवळचे कागद नष्ट करण्याची धडपड, आणि अखेर पाकिस्तानी सैनिकांच्या ताब्यात जाणे, ही मालिका वृत्तपत्रांनी जगभर पोहोचवली. या घटनेत आकाशाचा वाटा काही सेकंदांचा आणि गावाचा वाटा त्याहून फार मोठा आहे. संकटकालीन उडीच्या कथेतील दुय्यम पात्रे कोण, याचे उत्तर येथे मिळते. ती दुय्यम नाहीतच. ज्यांच्या अंगणात माणूस पडतो तेच कथेचा पुढील भाग ठरवतात.

परूळकरांच्या हकिगतीचा उत्तरार्ध या ठिकाणी पुन्हा आठवतो. ऑगस्ट १९७२ मध्ये रावळपिंडीच्या युद्धकैदी छावणीतून भिंतीला भोक पाडून ते, मलविंदर सिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी असे तिघे निसटले. पेशावरमार्गे अफगाण सीमेच्या दिशेने ते लंडी कोतलपर्यंत पोहोचले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचे कर्मचारी असून सुटीवर भटकंतीसाठी निघालो आहोत, अशी बतावणी त्यांनी केली होती. ही बतावणी म्हणजे प्राणांची बाजी लावून सांगितलेली एक कथाच होती. तिच्यात नावे होती, व्यवसाय होता, प्रवासाचे कारण होते. ती फुटली एका तपशिलावर. जवळच्या नकाशात पाहून त्यांनी लंडी खाना या रेल्वे स्थानकाची चौकशी केली; ते स्थानक १९३२ सालीच बंद झालेले होते. स्थानिक माणसाला ते ठाऊक होते आणि संशय येण्यास तेवढे पुरे झाले. सीमा जेमतेम चार मैलांवर असताना तिघे पकडले गेले. वर्षाच्या अखेरीस इतर युद्धकैद्यांसमवेत ते भारतात परतले. फेथ जॉन्स्टन यांच्या २०१३ सालच्या इंग्रजी पुस्तकाचे शीर्षक या चार मैलांवरूनच आले आहे.

वास्तववादाच्या चर्चेत या प्रसंगाइतका नेमका दृष्टांत सापडणे कठीण. तिघांचा नकाशा छापील होता, अधिकृत होता, आणि जुना होता. ग्रंथालयात बसून जमवलेला तपशील हा अशाच नकाशासारखा असतो. जोवर तो कोणा स्थानिकाच्या कानावर पडत नाही तोवर तो निर्दोष वाटतो. तांत्रिक बाबतीत वाचक लेखकाला सूट देतो, कारण तेथे तो स्वतःच परका आहे. गाव, भाषा, पीक, रस्ता या बाबतीत तो सूट देत नाही. म्हणून संकटकालीन उडीच्या कथेत लेखक आकाशात जितका चुकतो त्याहून अधिक जमिनीवर सापडतो.

मराठी वाचकापर्यंत हा अनुभव बहुधा वृत्तांत, चरित्र आणि अनुवाद यांच्याद्वारे येतो, आणि त्यांची भाषा बहुतांशी वीररसाची असते. जफा यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात (२०१४) युद्धानुभवाला गोष्टींचे रूप दिले. तशा गोष्टीला मराठीत कोणती शैली मानवेल, हा विचार या जिल्ह्यात व्हावा हे काहीसे उचितच आहे. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशीम येथे, लावून दिला. वैदर्भी रीतीला प्राकृतात 'वच्छोमी' हे नाव याच नगरावरून पडले. समासांची गर्दी आणि ओजाचा कल्लोळ टाळून प्रसादाने बोलणारी ही रीती. ज्या प्रसंगात घटनाच इतकी मोठी आहे तेथे भाषेने आवाज चढवण्याचे कारण उरत नाही. अर्थात राजशेखराला विमान ठाऊक होते ते पुष्पक, आणि त्यातून कोणाला उडी घ्यावी लागली नव्हती.

अशी कथा या भूमीवर कल्पून पाहिली म्हणजे तिच्या मागण्या स्पष्ट होतात. डिसेंबर महिना आहे असे समजावे. सोयाबीन केव्हाच निघालेले, तूर माणसाच्या डोक्याइतकी उभी, हरभरा जमिनीलगत. पावसाळ्यात पाय गिळणारी काळी माती आता टणक होऊन भेगाळू लागलेली. तिच्यावर सेकंदाला सहा मीटर वेगाने टेकणे आणि पेरणीनंतरच्या चिखलात टेकणे या दोन वेगळ्या दुखापती आहेत, आणि लेखकाला त्यांतील एकीची निवड करावीच लागेल. विजेच्या तारा आहेत, कठडा नसलेल्या विहिरी आहेत. जागा मानोरा तालुक्यातील एखाद्या तांड्याजवळची असेल तर धावत येणाऱ्या माणसांच्या तोंडी गोरमाटी बोली असेल, आणि शहरात वाढलेल्या वैमानिकाला आपण कोठे पडलो हे विचारल्यावर मिळालेले उत्तर कळणार नाही. उठू पाहणाऱ्या माणसाचा कणा दुखावलेला आहे. त्याला बाजेवर घालून उचलावे की हलवूच नये, यावर बांधावर मतभेद होतील. तुरीवर पसरलेल्या छत्रीच्या कापडाखाली किती ओळी मोडल्या हे शेताच्या मालकिणीला एका नजरेत दिसेल. कथा वैमानिकाच्या डोळ्यांनी सुरू झालेली असली तरी यापुढचे वाक्य तिचे असेल.